स्तारी ब्रूदमधली दुभाषी

बस चौकात थांबली, माणसं उतरली, तरी हौसाक्का जागेवरून हलेनात.

वॉर्सा सोडून चार तास झाले होते. सगळा वेळ त्या खिडकीशी बसून होत्या. मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत कोल्हापूरहून जपून आणलेली गुळाची ढेप. शेवटचा तासभर रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसतं जंगल होतं. पाइनची सरळसोट झाडं, मधूनच कडेला टोपलीत अळंबी मांडून बसलेली एखादी म्हातारी, पुन्हा झाडं. मग एकदम नदी आली, तिच्यावरचा लोखंडी पूल आला आणि पुलापलीकडे टेकाडावर विटांचं चर्च आणि त्याच्या पायथ्याशी लाल कौलांचं गाव. गावाचं नाव स्तारी ब्रूद. ब्रूद म्हणजे नदी चालत ओलांडायची उथळ जागा, असं मी आक्कांना सांगितलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, की मग आता खोल आहे का?

"आक्का, गाव आलं," मी म्हणाले.

"दिसतंय की." तरी त्या बसूनच राहिल्या. ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं. मग आक्कांनी पुढच्या सीटची दांडी धरली आणि उठल्या.

ही नव्याण्णव सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि शिष्यवृत्तीवर वॉर्साला पोलिश शिकत होते. हौसाक्का आमच्या शाहूपुरीतल्या गल्लीतल्या. पस्तीस वर्षं त्यांनी बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्सची नोकरी केली. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली, मीही. त्या वर्षी त्या जर्मनीत भाच्याकडे आल्या होत्या आणि तिथून त्यांनी मला फोन केला. म्हणाल्या, मला एकीला भेटायचंय, तू भाषेला माझ्याबरोबर चल.

त्या एकीचं नाव यानिना. दुसऱ्या महायुद्धात घरदार गेलेली पाचेक हजार पोलिश माणसं कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत चार-पाच वर्षं राहिली होती, बहुतेक बायका आणि मुलं. आक्कांच्या वडिलांचं छावणीच्या बाजारात शिवणाचं दुकान होतं. अकरा वर्षांची हौसा आणि तेरा वर्षांची यानिना यांची तिथे मैत्री जमली. अठ्ठेचाळीस साली छावणी उठली आणि एकीचा दुसरीला पत्ता राहिला नाही. पन्नास वर्षांनी, लहानपण वळिवड्यात गेलेली काही पोलिश माणसं कोल्हापूर बघायला आली, तेव्हा आक्कांनी त्यांच्यातल्या एका गृहस्थांना गाठून हे नाव शोधायला सांगितलं होतं. पत्ता मिळायला वर्ष गेलं.

बसमध्ये मी विचारलं होतं, इतक्या वर्षांनी भेटून काय बोलणार? आक्का बाहेर बघत म्हणाल्या, "एक सांगायचंय तिला. तिच्यासमोरच सांगीन. तू फक्त तिच्या भाषेत कर."

नगरभवनाच्या पायऱ्यांशी एक उंच, सडपातळ बाई उभी होती. अंगात फिकट कोट, डोक्याला रुमाल. शेजारी तिची चाळिशीची मुलगी, एवा. आक्का जवळ गेल्या आणि दोघी एकमेकींसमोर नुसत्या उभ्या राहिल्या. मग यानिनाबाई म्हणाल्या, "हावशा." आक्का म्हणाल्या, "यांका." त्यांनी मिठी मारली नाही. एकमेकींची कोपरं धरून उभ्या राहिल्या, पडणाऱ्या माणसाला धरावं तशा. मग यानिनाबाईंनी एक बोट वर करून आठवून आठवून मराठी शब्द काढायला सुरुवात केली. पाणी. गूळ. म्हैस. इकडे ये. बस खाली. प्रत्येक शब्दाला आक्का मान डोलवत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

घराकडे चालताना एवानं मला मागं ठेवून घेतलं. आईला वसंतात हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय, असं तिनं सांगितलं. डॉक्टरांनी मनाला ताण नको म्हटलंय. मग जरा थांबून म्हणाली, जुन्या गोष्टी निघतीलच, पण मामाचा विषय तेवढा निघू देऊ नका. मी विचारलं, कुठला मामा? आईचा धाकटा भाऊ, ती म्हणाली. तिकडेच वारला, तुमच्या देशात, पाच वर्षांचा असताना. आमच्या घरात त्याचं नाव कुणी घेत नाही.

मी बरं म्हटलं. मला तेव्हा ते अगदी सोपं वाटलं.

यानिनाबाईंचं घर नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. खालची भिंत दगडाची, वरचा मजला लाकडाचा. जेवायला बिटाचं गार सूप, शेपू घातलेले बटाटे, लोण्यात परतलेली अळंबी. आक्कांनी सगळं थोडं थोडं खाल्लं. गुळाची ढेप टेबलाच्या मधोमध ठेवली होती आणि यानिनाबाई तिचे तुकडे फोडून सूप खाता खाता तोंडात टाकत होत्या. बोलणं माझ्यामार्फत चाललं होतं आणि छान चाललं होतं. छावणीतलं चर्च, कौलांच्या लांबलचक चाळी, आक्कांच्या वडिलांनी शिवलेला यानिनाबाईंचा फुलाफुलांचा फ्रॉक, पहिल्यांदा आंबा खाल्ला तेव्हा चिकानं तोंड कसं उतलं होतं ते. अठ्ठेचाळीस साली यानिनाबाईंचे वडील जिवंत असल्याचं कळलं आणि त्या आईबरोबर परत आल्या. जुनं घर सीमेपलीकडे गेलेलं होतं, तेव्हा या गावात येऊन राहिल्या, त्या इथेच.

एवा औषधाच्या दुकानात कामाला होती. जेवण आटोपल्यावर ती उठली, साडेचारच्या बसला सोडायला येते म्हणाली आणि जाताना दारातून माझ्याकडे एकदा बघून गेली.

चहा झाला. आक्कांनी कपबशी बाजूला सारली, पदर सारखा केला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. मला म्हणाल्या, "आता सांग तिला. मी बोलते तसंच सांग."

आणि यानिनाबाईंच्या डोळ्यांकडे बघत बोलायला लागल्या.

"स्ताशेक एकटा नव्हता गेला नदीवर. मी नेलं होतं त्याला. म्हशी बघायला. पंचगंगेला म्हशी धुवायला आणायचे, त्याला लई नाद होता म्हशींचा. पाऊस नुकताच संपलेला, पाणी चढलेलं होतं. मी पाठ करून आमच्या गल्लीतल्या एका पोरीशी बोलत बसले. वळून बघितलं तर पोरगं नाही. मी घरी पळाले. आईला सांगितलं. आई म्हणाली, तोंड उघडू नकोस, तुझ्या बापाला कँपातनं घालवतील. दुसऱ्या दिवशी सगळा कँप शोधत होता त्याला, तेव्हापण मी बोलले नाही. तो सापडला, तेव्हापण नाही. कधीच नाही. हे तिला सांगायचं राहिलं होतं."

इतकं बोलून त्या थांबल्या. यानिनाबाई माझ्याकडे वळल्या.

समोरच्या बाईंच्या हाताशी औषधाच्या गोळ्यांची डबी होती, आठवड्याच्या सात खणांची. स्ताशेक हे भावाचं नाव ऐकताच त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं आणि एक हात नकळत छातीशी गेला होता. एवाचं दारातलं बघणं मला आठवत होतं. आणि खरं सांगायचं तर मला आक्कांचीही दया येत होती. पासष्ट वर्षांची बाई इतक्या लांब आली, तिला या टेबलावरून उठवून घराबाहेर काढलं तर?

मी म्हणाले, "आक्का म्हणतायत, स्ताशेकची आठवण त्यांच्या मनातून कधी गेली नाही. तो गेला तेव्हा त्यांना तुमच्या घरी भेटायला येऊ दिलं नाही. त्याबद्दल माफ करा म्हणतायत."

यानिनाबाई काही वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात लांब करून आक्कांच्या हातावर ठेवला.

"माफ काय करायचं?" त्या म्हणाल्या. "तू लहान होतीस. सगळीच लहान होतो आपण."

हे मी मराठीत जसंच्या तसं सांगितलं.

आक्का त्या हाताकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "एवढंच म्हणाली?"

"एवढंच."

"सगळं सांगितलंस?"

"हो, आक्का."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाल्या, जरा आडवी होते, पाठ धरलीये. यानिनाबाईंनी कोचावर उशी ठेवली, पायांवर घोंगडी घातली, पडदा ओढून घेतला. मग मला हळूच म्हणाल्या, "तिला पडू दे. चल, तुला आमच्या नद्या दाखवते."

आम्ही चौकातून गेलो. यानिनाबाई गाव दाखवत होत्या, पण पाहुण्यांना दाखवायचं म्हणून दाखवत होत्या. नगरभवनाचं घड्याळ, दोन युद्धांत दोनदा जळून पुन्हा बांधलेलं. चौकाच्या उत्तर बाजूची घरं, लढाईआधी ज्यूंची असलेली, त्यांत आता एक बँक आणि केस कापायचं दुकान. टेकाडामागे किल्ल्याची उरलेली एक भिंत. मग उतार आणि आम्ही आलो होतो तो लोखंडी पूल. पुलाच्या मधोमध त्या थांबल्या आणि कठड्याला टेकल्या.

खाली दोन नद्या एक होत होत्या. एक जंगलातल्या दलदलीतून आलेली, काळसर, चहाच्या पाण्यासारखी. दुसरी स्वच्छ. दोन्ही पाणी एकाच पात्रात बरीच लांब वेगवेगळी वाहत होती.

"पन्नास वर्षं या गावात काढली," त्या म्हणाल्या, "आणि एकदाही या पाण्यात पाय घातला नाही."

मग त्या सांगायला लागल्या. आपल्या भाषेत बोलणारं परकं माणूस भेटलं की काही जणांना बोलता येतं, तसं त्यांचं झालं असावं. त्या दिवशी आईला छावणीच्या दवाखान्यात काम होतं. जाताना ती यानिनाला बजावून गेली, स्ताशेककडे बघ. चर्चमध्ये गाण्याची तालीम होती. यानिनाला एकटीला म्हणायच्या दोन ओळी मिळाल्या होत्या. स्ताशेकला दारात बसवून, इथून हलू नकोस म्हणून ती गेली. तासाभरानं परत आली तेव्हा दार उघडं होतं.

"आई मला काही बोलली नाही," यानिनाबाई म्हणाल्या. "मारलं नाही, रागावली नाही. पुढं पस्तीस वर्षं जगली, त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नाही. पण एवा झाली ना, तेव्हा माझ्याकडे राहायला आली. एवाला आंघोळ मला घालू दिली नाही तिनं. चौदा महिने रोज स्वतः घालायची. मला म्हणायची, तू टॉवेल धर."



"नवऱ्याला आणखी मुलं हवी होती," त्या म्हणाल्या. "मी नको म्हटलं. का ते त्याला सांगितलं नाही. एवाला मी पोहू दिलं नाही. आता तिच्या मुलीला, झोशाला, माझ्याकडे ठेवायला येते तेव्हा मी म्हणते, मला बरं नाही. नात पाच वर्षांची झालीय. एकदाही तिला एकटीनं सांभाळलेलं नाही मी."

एक मालगाडीसारखा लांब ट्रक पुलावरून गेला, लाकडाचे ओंडके भरलेला. पूल हलायचा थांबला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुला एक विचारू? ती म्हशी म्हणाली. आधी स्ताशेकचं नाव घेतलं आणि मग तीनदा म्हशी म्हणाली. तो शब्द मला येतो. तू सांगितलंस त्यात म्हैस कुठे नव्हती."

अजूनही मला काहीतरी जुळवता आलं असतं. जुळवणाऱ्या शब्दांची मला तोवर सवय झाली होती. पण टॉवेलचं ऐकल्यावर ते जमेना. मी सगळं सांगितलं. आक्का बोलल्या तसं, त्याच क्रमानं, म्हशी, चढलेलं पाणी, गल्लीतली पोरगी, आई म्हणाली तोंड उघडू नकोस. सांगताना माझं लक्ष त्यांच्या हातांकडे होतं. कठड्याचा लोखंडी गज त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. मी विचारलं, गोळी हवी का, तुम्ही बसता का? त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

त्या पुन्हा पाण्याकडे वळल्या.

"त्यानं हाक मारली का?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही."

"काठापासून किती लांब होती ती?"

"मला माहीत नाही, यानिनाबाई."

"तुला कसं माहीत असणार." त्या आता माझ्याकडे वळल्या होत्या. "तिला माहीत आहे. ती माझ्या टेबलावर बसली होती. समोर. मला विचारता आलं असतं. तू मला विचारूच दिलं नाहीस."

मी म्हणाले, चला, आक्का घरी आहेत, आत्ता विचारा, मी एक शब्दही इकडचा तिकडे करणार नाही.

"आता नाही," त्या म्हणाल्या. "तासाभरापूर्वी मी तिच्यासमोर बसले होते. तिच्या हातावर हात ठेवला होता. तू ठेवायला लावलास. आता मला तिच्यासमोर बसता येणार नाही. ती जाईपर्यंत मी घरात येत नाही."

"मग त्यांना काय सांगू?"

"काहीही सांग," यानिनाबाई म्हणाल्या. "तुला जमतं ते."

मी एकटी परत गेले. आक्का उठून बसल्या होत्या. केस विंचरून अंबाडा घातलेला, पिशवीची घडी करून हातात घेतलेली. त्यांनी माझ्यामागे दाराकडे पाहिलं आणि विचारलं, ती कुठंय? चर्चमध्ये प्रार्थना होती, जावंच लागलं, मी म्हणाले. आक्का म्हणाल्या, सांगून नाही गेली. मी म्हणाले, तुम्ही झोपला होता.

साडेचारला एवा चौकात आली. आई कुठंय म्हणून तिनं विचारलं आणि मी पुलावर म्हटल्यावर तिचा चेहराच बदलला. तुम्ही बोललात ना, एवढंच ती म्हणाली आणि निरोपाचं काही न बोलता उताराकडे जवळजवळ पळत गेली. तिच्या हातात आक्कांना द्यायला आणलेली मुरंब्याची बाटली होती, ती तशीच तिच्याबरोबर गेली. आक्कांनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, दुकानात काहीतरी काम निघालं.

बस पुलावर आली तेव्हा त्या दोघी तिथेच होत्या. एवानं आईच्या खांद्यावर हात ठेवला होता. यानिनाबाई रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. बस त्यांच्यासमोरून गेली. आक्कांनी काचेला हात टेकवला आणि मान वळवून मागं बघत राहिल्या. पूल संपून झाडं सुरू झाली.

"हात केला का गं तिनं?" त्यांनी विचारलं.

"केला," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना मी जर्मनीच्या गाडीत बसवून दिलं.

पुढच्या वर्षी मी कोल्हापूरला परत आले. पोलिशचं काम मिळत गेलं, अजून मिळतं, पण ते कागदांचं. यंत्रांची माहितीपत्रकं, करार, औषधांच्या चिठ्ठ्या. दोन माणसांच्या मध्ये बसायचं काम मी पुन्हा घेतलं नाही. आक्का गल्लीत रोज दिसायच्या. स्तारी ब्रूदचा विषय त्या काढत नव्हत्या आणि मी तर नाहीच. कुणी विचारलं तर म्हणायच्या, जाऊन आले, भेटले, चांगलं गाव आहे, लई झाडं आहेत.

दोन हजार एकच्या सप्टेंबरात मला एक कार्ड आलं. निघताना कोल्हापूरचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी मी यानिनाबाईंच्या टेबलावर ठेवली होती. कार्डावर त्या गावाचा फोटो होता, चर्च आणि नदी. मागं चार ओळी. या उन्हाळ्यात झोशाला मी नदीवर नेलं. पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत होतं, हात मी धरला होता. एवा काठावर उभी होती, मग तीही आत आली. पाणी गार होतं. खाली नाव, यानिना.

मी ते कार्ड दोन दिवस जवळ ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आक्कांकडे घेऊन गेले. त्या पायरीवर बसून, मांडीवर सूप घेऊन लसूण सोलत होत्या. मी वाचून दाखवलं, आधी पोलिशमध्ये, मग मराठीत. त्यांनी ऐकून घेतलं.

"माझं नाव आहे का त्यात?"

"नाही, आक्का."

"नसणारच," त्या म्हणाल्या. लसणाची एक पाकळी सोलून झाली, दुसरी घेतली. "तिनं हात केला नव्हता. मी बघितलं होतं."

मी खाली बसले.

"तू केला म्हणालीस, मी गप्प बसले," आक्का म्हणाल्या. "त्याआधीच कळलं होतं मला, काहीतरी घोटाळा झालाय. माफ काय करायचं, असं ती म्हणाली म्हणून तू सांगितलंस ना? मी माफी मागितलीच नव्हती गं. माफी कुठल्या तोंडानं मागू? मी सांगायला गेले होते."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. मी काय बोलले, काय गाळलं, पुलावर काय झालं. आंघोळीचं सांगितलं, टॉवेलचं सांगितलं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची बाळं धुतलेले ते हात मांडीवरच्या सुपात तसेच राहिले.

"म्हणजे तिच्यावर आलं होतं सगळं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं."

"हो."

"मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, पोरगं गेलं एवढंच." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "पण तिला कळलं ना आता?"

"कळलं."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, पुलावर ती आणखी काय म्हणाली? मी म्हणाले, दोन गोष्टी विचारत होत्या, त्यांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. कुठल्या गोष्टी? तुम्ही काठापासून किती लांब होता आणि स्ताशेकनं हाक मारली का.

आक्का म्हणाल्या, "जा, कागद घेऊन ये."

मी घरी जाऊन कागद आणि पेन घेऊन आले आणि पायरीवर त्यांच्या शेजारी बसले.

"लिही," त्या म्हणाल्या. "मी दहा-बारा पावलांवर होते. त्यानं हाक मारली होती. हावशा म्हणून, दोनदा. मला वाटलं, म्हैस दाखवायला बोलावतोय. म्हणून मी वळले नाही."

माझं पेन थांबलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"हे असंच लिहू, आक्का?"

"असंच लिही. माझं बोलणं तुझ्या हाताखालनं बदलून जाऊ नये या खेपेला."

मी लिहिलं. दोन वेळा वाचून दाखवलं, शब्दाला शब्द लावून, हा शब्द म्हणजे पावलं, हा म्हणजे हाक. म्हैस हा शब्द मी मराठीतच ठेवला. आक्कांनी खाली मराठीत सही केली, हौसा, आणि पाकीट स्वतः पेटीत टाकायला गेल्या.

त्यानंतर त्या सात वर्षं होत्या. उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही.